उगीच ओरडणारा पहारेकरी

दिवाळीच्या दिवसांत आमच्या आळीत दोन आवाज ठरलेले. पहिला सुतळी बॉम्बचा, आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ उठणारा, ओळीने उभ्या असलेल्या मोटारींचा. पोराने वात पेटवून कानांत बोटे घालावीत, धडाड्‌दिशी बार व्हावा आणि तो विरतो न विरतो तोच चार मोटारींनी एकदम गळा काढावा. एक कोकलणारी, एक टिटवीसारखी टिवटिवणारी, एक बंबाच्या घंटेची नक्कल करणारी. नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून भाऊबिजेच्या रात्रीपर्यंत हा कार्यक्रम चालतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. बार झाला, गाडी हादरली, गाडीला वाटले चोर आला, ओरडली बिचारी. कारण डोळ्यांसमोर असले म्हणजे माणूस पुष्कळ सहन करतो.

पण गेल्या श्रावणात शेजारच्या वकीलसाहेबांच्या गाडीने जो प्रकार मांडला त्याला कारणच दिसेना. बार नाही, वारा नाही, टपावर मांजर नाही; पहाटे चार ते साडेपाचच्या दरम्यान ही आपली ओरडून उठायची. पहिल्या रात्री वकीलसाहेब काठी घेऊन खाली आले आणि आम्ही सगळे गॅलरीत जमलो. दुसऱ्या रात्री निम्मे जमलो. चौथ्या रात्री एकटे वकीलसाहेब उतरले. आठवड्याभरात तेही उतरेनासे झाले. खिडकीतून किल्लीचे बटण दाबत आणि कूस बदलत. माझी खात्री आहे, दहाव्या रात्री खरोखरीचा चोर आला असता आणि गाडी ढकलायला मदत मागता, तर ‘एकदाची घेऊन जा बाबा’ म्हणून आळीतले दोघे-तिघे सहज धावले असते. लांडगा आला रे आला ही गोष्ट मी गेली वीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे; तिचा प्रयोग मात्र प्रथमच पाहिला.

शेवटी गाड्यांची वायरिंग करणारा एक मिस्त्री बोलावण्यात आला. त्याने आल्याआल्या बॉनेट उघडले नाही, याचे मला प्रथम नवल वाटले. तो ओट्यावर बसला आणि विचारू लागला. कधी वाजते? रोज त्याच वेळी का? पाऊस पडून गेल्यावर वाजते की कोरड्या रात्रीही? दुपारी उन्हात कधी वाजली का? एखाद्या निष्णात वैद्याने नाडीला हात लावण्यापूर्वी ‘रात्री काय जेवलात?’ म्हणून विचारावे, तसा त्याचा सारा थाट होता. मग त्याने समजावून सांगितले. या यंत्राला स्वतःचे डोळे नसतात. गाडीच्या अंगात ठिकठिकाणी त्याचे हेर बसवलेले असतात: दारांच्या चौकटीत एकेक बटण, बॉनेटखाली एक बटण, हादरा ओळखणारी एक डबी. बॅटरी अशक्त झाली आणि दाब मध्येच घसरला, तरी काही भोंग्यांना वाटते की कुणी तार कापली. उंदराने तार कुरतडली तर तेही निमित्त पुरते. हादऱ्याच्या डबीला एक बारीक स्क्रू असतो. तो जास्त पिळला की रस्त्यावरून ट्रक गेला तरी गाडी किंचाळते आणि फार सैल केला तर काच फोडली तरी निजून राहते.

“सगळं एकदम बदलायचं नाही, गुरुजी,” तो म्हणाला, “एका रात्री एकच गोष्ट. नाहीतर बरं कशानं झालं ते कळत नाही, आणि परत बिघडलं की पुन्हा श्रीगणेशा.”

पहिल्या रात्री त्याने स्क्रू सैल केला, गाडी वाजली. दुसऱ्या दिवशी बॅटरी तपासली, ठणठणीत निघाली. तिसऱ्या रात्री बॉनेटखालच्या बटणाची तार सोडून ठेवली आणि आळी महिनाभरात प्रथमच सकाळपर्यंत झोपली. सुपारीएवढे ते बटण त्याने काढून माझ्या तळहातावर ठेवले. आतली स्प्रिंग गंजली होती. दिवसा कसेबसे टेकलेले असायचे. पहाटेच्या गारव्यात आणि दमटपणात केसभर फरक पडला की आतला हिशेब चुकायचा आणि यंत्राला वाटायचे, कुणी बॉनेट उचलले. नवे बटण दोन कप चहाच्या किमतीत आले. जाताना मिस्त्री सहज बोलून गेला, “गाडी खोटं बोलत नव्हती हो. तिला आतून जे सांगितलं गेलं, ते ती ओरडत होती.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला अशा वाक्याचा फार उपयोग होतो. कारण चोर नसताना वाजलेल्या घंटांनी इतिहासाची पाने भरलेली आहेत, आणि त्यांतल्या काही घंटा वकीलसाहेबांच्या गाडीवर नव्हे, साऱ्या मनुष्यजातीच्या उशाशी टांगलेल्या होत्या.

सर्वांत जुनी आणि सर्वांत मनोरंजक कथा चीनची. चौ घराण्याचा यू नावाचा राजा. त्याची लाडकी राणी बाव-स्स कधी हसत नसे. राजाने तिला हसवण्यासाठी शत्रू आल्याची खूण म्हणून टेकड्यांवर पेटवायचे जाळ उगीचच पेटवले. मांडलिक सरदार सैन्यासह धापा टाकीत आले, शत्रू कुठेच नाही, आणि त्यांची तोंडे पाहून राणी खुदकन हसली. राजाला चटक लागली. इ.स.पू. ७७१मध्ये खरा शत्रू आला तेव्हा जाळ पेटले. पण कोणी आले नाही. सिमा छ्येन या थोर चिनी इतिहासकाराने ही कथा नोंदवली आहे. आजचे पुष्कळ संशोधक ती मागाहून रचलेली मानतात. राजधानी पडली आणि राजा मारला गेला एवढे खरे. मलाही ती दंतकथाच वाटते. एका स्त्रीच्या हसण्यावर राज्य बुडाल्याचे खापर फोडण्याची खोड सगळ्याच देशांतल्या बखरकारांना असते.

विजेची घंटा त्या मानाने अगदी अलीकडची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑगस्टस पोप याने १८५३मध्ये चोर पकडणाऱ्या विजेच्या घंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की दोन तारांचे मंडळ पुरे व्हावे, लोहचुंबक जागा व्हावा आणि हातोडीने घंटा बडवावी, एवढीच युक्ती. पुढे एडविन होम्स याने तिचे हक्क विकत घेऊन धंदा उभा केला. वकीलसाहेबांच्या गाडीतले यंत्र म्हणजे त्याच घंटेचे पणतवंड. आणि या कुळाचा आनुवंशिक रोगही तोच: मंडळ पुरे झाले एवढेच घंटेला कळते, ते चोराने केले की गंजाने, हे तिला कळत नाही.

एका गाडीत असे पाच-सात हेर असतात. आता कल्पना करा की हे हेर हजारो मैलांवर पसरले आहेत, कुणी बर्फात, कुणी आकाशात. आणि भोंगा वाजला तर वीस-पंचवीस मिनिटांत काही कोटी माणसे मरणार की नाही याचा निर्णय घ्यायचा आहे. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्या शीतयुद्धात ही कल्पना नव्हती, रोजची नोकरी होती.

ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर थूली येथे (२०२३पासून त्या तळाचे नाव पिटुफिक झाले आहे) अमेरिकेने प्रचंड रडार उभारले. रशियातून क्षेपणास्त्रे उठली तर ध्रुवावरून येताना प्रथम तेथे दिसावीत, हा हेतू. रडार नुकतेच सुरू झाले होते. ५ ऑक्टोबर १९६० रोजी त्याने कळवले की क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला येत आहे. कोलोराडोतील मुख्य ठाण्यावर धावपळ उडाली. तेथील उपप्रमुख, कॅनडाचे एअर मार्शल रॉय स्लेमन, यांनी मात्र यंत्राला काही न विचारता माणसांना एक प्रश्न केला: ख्रुश्चॉव्ह आत्ता कुठे आहेत? उत्तर आले, न्यूयॉर्कमध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या सभेला आले आहेत. रशियाचा सर्वेसर्वा स्वतः अमेरिकेत मुक्कामाला असताना रशिया अमेरिकेवर बाँब टाकील काय? एवढ्या साध्या व्यवहारज्ञानाने वेळ निभावून नेली. मग शोध केला तेव्हा कळले, नॉर्वेच्या बाजूला चंद्र उगवला होता.

यातली गंमत शाळेतल्या मुलालाही समजेल. डोंगरासमोर ‘ओ’ म्हणून ओरडले की प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून डोंगर किती दूर ते कळते. रडार तेच करते, पण ते एकामागून एक हाका मारीत राहते. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर. तेथून साद परत यायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात रडारने पुढच्या कितीतरी हाका मारलेल्या होत्या. पहिल्या हाकेचे उत्तर त्याने शेवटच्या हाकेचे समजले आणि फार लांबची वस्तू अगदी जवळची ठरवली. रडार बांधणाऱ्या विद्वानांनी शत्रूची क्षेपणास्त्रे ध्यानात घेतली होती. चंद्र ध्यानात घेतला नव्हता. आपल्याकडे लहान पोरही अंगणात आल्याबरोबर प्रथम त्याच्याचकडे बोट दाखवते.

पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९६१ला, उलट प्रकार झाला. ओमाहा येथील बाँबफेकी दलाच्या मुख्यालयातून मुख्य ठाण्याकडे आणि थूलीसारख्या रडारांकडे जाणाऱ्या तारा एकदम मुक्या झाल्या. एक तार तुटली तर समजू शकते. सगळ्या एकाच क्षणी गप्प म्हणजे शत्रूने सगळी ठाणी एकदम उडवली असाच अर्थ निघतो. वैमानिक विमानांत जाऊन बसले. कारण निघाले ते असे: एकमेकींपासून स्वतंत्र म्हणून मोठ्या विश्वासाने घातलेल्या त्या तारा कोलोराडोतल्या एकाच लहानशा केंद्रातून जात होत्या आणि तेथील एक मोटर तापून बंद पडली होती. आमचा मिस्त्री हे ऐकून मुळीच आश्चर्य करणार नाही. गाडीतल्या निम्म्या तक्रारी म्हणे कुठल्यातरी एका सामाईक जोडाशीच येऊन थांबतात.

१९६२ सालच्या ऑक्टोबरमधली हकीकत तर मी वर्गात सांगितली तेव्हा मुले हसून लोटपोट झाली, आणि शेवट ऐकून गप्प बसली. क्यूबावरून तंटा पेटला होता. जग युद्धाच्या काठावर होते. २५ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास मिनेसोटा राज्यातील डलूथ येथल्या लष्करी केंद्राच्या कुंपणावर कोणीतरी चढताना पहारेकऱ्याला दिसले. त्याने गोळी झाडली आणि घातपाताची घंटा वाजवली. त्या घंटेबरोबर आसपासच्या तळांवरही घातपाताच्या घंटा वाजायच्या, अशी जोडणी होती, वाजल्याही. पण शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील व्होक फील्ड या तळावर तारा चुकीच्या जोडलेल्या होत्या. तेथे घातपाताची घंटा वाजली नाही; विमानांनी ताबडतोब उडावे हा भोंगा वाजला. वैमानिकांना आधीच बजावलेले होते की या दिवसांत सराव होणार नाही, भोंगा वाजला तर तो खराच. त्यांच्या विमानांना अण्वस्त्रे लावलेली होती. ते धावपट्टीकडे निघाले. तेवढ्यात डलूथकडून खुलासा आला आणि एका अधिकाऱ्याने मोटार थेट धावपट्टीवर घातली, दिवे मिचकावीत, आणि विमाने थांबवली.

कुंपणावर चढणारा घातपाती म्हणजे एक अस्वल होते.

अस्वलाचे पुढे काय झाले हे मुलांनी विचारले. मला विचारावेसे वाटले ते वेगळेच: त्या वायरमनचे काय झाले? दोन तारांची अदलाबदल करून तो कधीच घरी जाऊन निजला असेल, आणि त्या तारा महिनोन्‌महिने निमूट पडून राहिल्या असतील. बिघाड पुष्कळदा असाच असतो. वाजेपर्यंत तो बिघाड नसतोच.

१९७९ आणि १९८० ही दोन वर्षे मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहेत. तोवर ठाणे कोलोराडोतल्या शायेन डोंगराच्या पोटात, ग्रॅनाइटच्या कुशीत गेले होते आणि निर्णयाच्या कामी संगणक आले होते. ९ नोव्हेंबर १९७९च्या सकाळी पडद्यांवर रशियाचा संपूर्ण हल्ला दिसू लागला; एक-दोन अस्त्रे नव्हेत, युद्धाच्या पुस्तकात असावा तसा यथासांग हल्ला. लढाऊ विमाने उडाली. संकटकाळी राष्ट्राध्यक्षाने ज्यातून देश चालवायचा ते विमानही उडाले, राष्ट्राध्यक्षाला न घेताच. अधिकाऱ्यांनी उपग्रहांना आणि रडारांना थेट विचारले. आकाश स्वच्छ होते. काही मिनिटांत उलगडा झाला. सरावासाठी तयार केलेला नकली हल्ला खऱ्या यंत्रणेत शिरला होता. हल्ला पुस्तकासारखा दिसत होता, कारण तो पुस्तकातलाच होता! त्यानंतर सरावाची यंत्रणा खऱ्यापासून वेगळी, दुसऱ्या जागी बांधण्यात आली. परीक्षेची प्रश्नपत्रिका आणि सरावाची प्रश्नपत्रिका एकाच कपाटात ठेवू नये, हे कोणत्याही शाळेचा कारकून सांगू शकला असता.

पुढच्या वर्षीचा बिघाड अधिक चमत्कारिक, आणि माझ्या मते साऱ्या मालिकेत अधिक शिकण्याजोगा. शायेन डोंगरातून इतर ठाण्यांकडे संदेशांची तार सतत चालू असे. तार जिवंत आहे हे कळावे म्हणून काही घडत नसतानाही संदेश जात राही. त्यात क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्ये भरलेली असत. ०००, ०००, ०००. म्हणजे सर्व कुशल आहे. ३ जून १९८०च्या रात्री त्या शून्यांच्या जागी मधूनमधून दोनाचा आकडा उमटू लागला. ०००च्या जागी कधी ००२, कधी २००. ओमाहाच्या पडद्यावर क्षेपणास्त्रे दिसू लागली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली. वैमानिकांनी बाँबफेकी विमानांची इंजिने सुरू केली. पण आकड्यांत ना ताळ ना मेळ. एका पडद्यावर दिसे ते दुसऱ्यावर नसे. तेव्हा रडारांना विचारून गडबड थांबवण्यात आली.

त्या रात्रीची एक आठवण रॉबर्ट गेट्स यांच्या १९९६ सालच्या आत्मचरित्रात आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांना पहाटे तीन वाजता टेलिफोन आला, दोनशेहून अधिक क्षेपणास्त्रे निघाली आहेत. त्यांनी खात्री करून पुन्हा कळवण्यास सांगितले. दुसरा टेलिफोन आला: दोन हजार दोनशे. आता राष्ट्राध्यक्षांना उठवायचे, एवढेच उरले होते. त्याला मिनिटभराचा अवकाश असताना तिसरा टेलिफोन आला की बाकीच्या यंत्रणांना काहीच दिसत नाही. गेट्स यांनी ही घटना १९७९ची म्हणून दिली आहे. पण १९७९चा प्रकार सकाळी, कामाच्या वेळी घडला, त्यामुळे ती पहाट जून १९८०चीच असावी असे मला वाटते. सालाचा वाद सोडा. शेजारी पत्नी झोपली होती. ब्रेझिन्स्कींनी तिला उठवले नाही. अर्ध्या तासात सगळेच मरणार, तर उठवायचे कशाला, असा त्यांनी विचार केला. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला असले एक वाक्य सुचण्यासाठी वर्षे घालवावी लागतात, आणि ते इतिहासात असे वाटेवर पडलेले सापडते.

बिघाड सापडला कसा, ते पाहा. मधूनच येणारे दुखणे डॉक्टरांसमोर कधी येत नाही, तसे हे. तंत्रज्ञांनी यंत्रणा जशी होती तशीच, त्याच जोडणीत चालू ठेवली आणि वाट पाहिली. ६ जूनला ते पुन्हा झाले. पुन्हा विमानांची इंजिने सुरू झाली. पण या वेळी पाळतीवर माणसे होती. संदेश एकत्र करणाऱ्या पेटीतली एक चकती, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, बिघडलेली निघाली. किंमत ४६ सेंट. त्यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट अशी, की संदेश वाटेत बिघडला का हे ताडून पाहण्याची साधी सोय त्यात केलेली नव्हती. वाण्याच्या वहीतसुद्धा खाली बेरीज असते! ती सोय नंतर करण्यात आली.

रशियाकडेही अशीच एक रात्र झाली, आणि ती आता जगप्रसिद्ध आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी रशियन लढाऊ विमानाने कोरियाचे एक प्रवासी विमान पाडले होते. २६९ माणसे गेली होती. दोन्ही देश एकमेकांवर डोळे रोखून बसले होते. मॉस्कोच्या दक्षिणेस सेर्पुखोव-१५ या ठाण्यावर लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह रात्रपाळीवर होते, वय ४४. २६ सप्टेंबरची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. भोंगा झाला. अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघाल्याचे नव्या उपग्रहांनी कळवले. मग दुसरे, तिसरे, पाचापर्यंत. यंत्र म्हणत होते, माहिती अगदी विश्वसनीय आहे.

पेत्रोव्ह यांनी वर कळवले की यंत्रणेत बिघाड आहे. त्यांनी मांडलेला हिशेब असा होता: युद्ध सुरू करणारा देश पाच क्षेपणास्त्रांनी सुरू करील काय? शिवाय यंत्रणा नवी, कच्ची. आणि जमिनीवरच्या रडारांना काही दिसत नाही. तरी खात्री नव्हती, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. रडारांच्या टापूत क्षेपणास्त्रे यायची असती तर ज्या वेळेला यायची ती वेळ टळून जाईपर्यंत थांबणे एवढेच हाती होते. ती टळली. उंच ढगांवरून परावर्तित झालेले ऊन, उपग्रहाचा कोन आणि शरदातला सूर्य यांची गाठ पडली होती; उपग्रहाने त्या चकाकीला क्षेपणास्त्राची ज्वाला मानले. तिकडे चंद्र, इकडे सूर्य. दोन्ही महासत्तांच्या यंत्रांनी आकाशातल्या देवतांनाच शत्रू ठरवले, हा योगायोग मला नेहमी चकित करतो.

पेत्रोव्ह यांनी एकट्याने जग वाचवले असे हल्ली सरसकट लिहितात. ते मला थोडे अतिरंजित वाटते. त्यांच्या वरही माणसे होती, आणि त्यांनीही कदाचित विचार केला असता. पण पहिला निर्णय त्यांचा होता, हे खरे. बक्षीस मिळाले नाही. उलट, चौकशीत त्यांना विचारण्यात आले की त्या वेळची नोंदवही का भरली नाही? एका हातात टेलिफोन, दुसऱ्यात ध्वनिक्षेपक; वही लिहायला तिसरा हात नव्हता, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. ज्यांनी आयुष्यात कधी सरकारी तपासणी पाहिली आहे त्यांना या प्रश्नाचे हसूही येणार नाही. सोव्हिएत संघ १९९१मध्ये मोडल्यानंतर ही हकीकत बाहेर आली. पेत्रोव्ह मे २०१७मध्ये वारले, आणि जगाला ते कळायला सप्टेंबर उजाडला.

शीतयुद्ध संपले म्हणून घंटा शहाण्या झाल्या असे नाही. २५ जानेवारी १९९५ला नॉर्वेने ध्रुवप्रकाशाच्या अभ्यासासाठी एक रॉकेट सोडले. रशियाला पूर्वसूचना दिली होती, पण ती रडारवरच्या माणसांपर्यंत पोचली नाही आणि येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. परिपत्रक कोणत्या टेबलावर अडकले ते इतिहासाला ठाऊक नाही; आपल्याला अंदाज आहे. १३ जानेवारी २०१८च्या सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी हवाई बेटांवरच्या लोकांच्या मोबाइलवर संदेश आला की क्षेपणास्त्र येत आहे आणि हा सराव नव्हे. एका कर्मचाऱ्याने सरावालाच खरे मानले होते. लोकांनी मुलांना गटारांच्या झाकणांखाली उतरवले, दूर असलेल्यांना निरोपाचे टेलिफोन केले. चूक झाली हा दुसरा संदेश यायला ३८ मिनिटे लागली. राज्यपालांना ती त्याआधीच कळली होती. पण ट्विटरचा परवलीचा शब्द त्यांना आठवत नव्हता.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग भोंगे सैल करा. उगीच ओरडण्यापेक्षा गप्प बसलेले बरे. येथेच त्या मिस्त्रीचा स्क्रू आठवतो. तो एका बाजूला फिरवला की खोट्या हाका वाढतात, दुसऱ्या बाजूला फिरवला की खऱ्या निसटतात; आणि दोन्ही नकोत अशी जागा त्या स्क्रूवर नाही. म्हणून तर शहाण्या देशांनी दोन वेगळ्या जातींच्या पहारेकऱ्यांनी तेच सांगितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही असा नियम केला: उपग्रहाने ज्वाला पाहिली, तर रडारनेही धातू पाहिला पाहिजे.

आपल्याकडच्या एका सकाळीने हिशेबाची दुसरी बाजू मला दाखवली. २० जुलै २०२३, गुरुवार. पहिला तास संपून दुसरा सुरू झाला होता. एकाएकी शिक्षकांच्या खोलीतले सगळे मोबाइल एका सुरात किंचाळले. असा आवाज त्यातून निघतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. एका बाईंच्या हातातला चहा सांडला. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने आपत्तीच्या वेळी लोकांना सावध करण्याच्या नव्या यंत्रणेची चाचणी घेतली होती. महाराष्ट्रात ठिकठिकाणी तो संदेश आला. चाचणीच आहे असे कळल्यावर आम्ही हसलो आणि पुढच्या तासाला गेलो. पुढे त्याच वर्षी आणखी चाचण्या झाल्या, तेव्हा चहा सांडला नाही. कोणी मान वर करूनही पाहिले नाही.

मधल्या सुट्टीत बातमी आली. आदल्या रात्री, १९ जुलैला, अकराच्या सुमारास रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गेली होती. चाळीसेक घरांची ठाकरांची वाडी. वर जायला रस्ता नाही, चिखलातून तासाभराची चढण. दरडी कोसळण्याचा धोका असलेल्या गावांची जी सरकारी यादी आहे तीत तिचे नाव नव्हते, असे विधानसभेत सांगण्यात आले. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडली नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला.

त्या रात्री त्या वाडीत कोणताही भोंगा वाजला नाही. वर्तमानपत्रांत आले होते की वाडीतली काही तरुण मुले रोजच्यासारखी रात्री शाळेच्या खोलीत मोबाइल घेऊन बसली होती; ती वाचली, आणि खाली पहिली खबर गेली ती त्यांच्याकडून.